शनिवारचं सारवण

आमच्या देवळाची जमीन मातीची होती. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ; चर्च हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला, आणि आला तेव्हाही म्हाताऱ्या बायकांनी तो दारातच उभा ठेवला. नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला लागून ज्या टेकड्या सुरू होतात, त्यांतल्या एका गावाच्या टोकाला ते होतं. विटांच्या भिंती, वर कौलं, आणि समोरच्या चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. त्यावर लोखंडी खिळ्यानं ठोकलं की तो आवाज शेतांवरून, ओढ्यावरून पलीकडच्या पाड्यापर्यंत जाई आणि तिथून जरा मऊ होऊन परत येई. लहानपणी मला वाटायचं, पलीकडेही असंच एक देऊळ आहे आणि तिथली माणसंही आत्ता आपल्यासारखीच निघाली असतील. खूप दिवस मी हे कुणाला विचारलं नाही, कारण तसं नाही असं कळायला नको होतं.

वडील तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. आम्ही मूळचे रनाळ्याकडचे, सपाटीवरचे. त्यामुळे घरात अहिराणी चाले. गावात इथल्या डोंगरातल्या आदिवासींची कोकणी आणि मावची, आणि शाळेत व देवळात पुस्तकातलं मराठी. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आम्ही चार भाषांतून ये-जा करायचो आणि त्याचं आम्हाला काहीच वाटत नसे. घर दोन खोल्यांचं, मागं गोठा. पहाटे मायच्या जात्याची घरघर सुरू व्हायची. नागलीचा, म्हणजे नाचणीचा, आवाज बारीक, ज्वारीचा जाड. अंथरुणात पडल्या पडल्या आज कसली भाकरी आहे ते मला कळायचं. थंडीत तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून परातीत ओतल्या की त्या वाफेत सगळ्यांची तोंडं धूसर व्हायची, आणि शेंगा संपून परात दिसेपर्यंत कुणी बोलत नसे. उडदाचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा असला की वडील एक भाकरी जास्त खात आणि जेवल्यावर उगाच शाळेतल्या पोरांचं कौतुक करत.

आमच्या पाद्रीसाहेबांना मंडळांचा फार नाद. आमचं देऊळ अँग्लिकन पंथाचं. इंग्लंडातल्या देवळांत प्रत्येक कामासाठी एक मंडळ असतं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि आमच्या इथं मोजून चाळीस घरं असली तरी मंडळं सात. गाणारं मंडळ, दिव्यांचं मंडळ, फुलांचं मंडळ, आजाऱ्यांना भेटायला जाणारं मंडळ, वेदीवरची वस्त्रं धुणारं, भाकर आणि द्राक्षारस मांडणारं, आणि सातवं सारवणाचं. वडील तीन मंडळांत होते. माय चेष्टेनं म्हणायची की गावात माणसं कमी पडली तर मास्तरांचा बैलही एखाद्या मंडळात घेतील. पण हसत हसत ती स्वतः वस्त्रांच्या मंडळात होती आणि शुक्रवारी रिठ्याच्या पाण्यात ती पांढरी कापडं बुडवताना तिचा चेहरा असा व्हायचा की तिच्याशी बोलू नये असं वाटे. त्या कापडांना ती उन्हात वाळवत नसे, सावलीत वाळवायची. ऊन फार बघतं, असं तिचं म्हणणं.

सारवणाच्या मंडळाची मुख्य होती भागाफुई. फुई म्हणजे वडिलांची बहीण. तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला होता, मूलबाळ नाही. सपाटीवरच्या गावात विधवेला कोणत्याही चांगल्या कामात पुढं येऊ देत नसत. हळदीला नको, ओटीला नको, कुणी प्रवासाला निघालं तर समोर नको. वडील ख्रिस्ती झाले आणि इकडं आले तेव्हा तीही बोचकं घेऊन मागून आली. आमच्या घरालगतच तिची झोपडी होती. वाचता येत नव्हतं, म्हणून उपासनेत शास्त्र वाचायला नाही. गळा असा, की ती गायला लागली की गाणारं मंडळ हळूच आवाज वाढवायचं. वस्त्रांच्या मंडळात मायनं तिला एकदा नेलं, पण तिच्या हातांना अशा भेगा होत्या की वेदीवरच्या रेशमी कापडाचे धागे त्यांत अडकून निघाले. ती स्वतःच उठली आणि हात पदराखाली घेऊन घरी गेली. मग सारवणाचं काम निघालं, आणि तिथं मात्र त्या हातांना कुणी नको म्हणालं नाही.

दर शनिवारी दुपारी ती आणि आणखी तीन बायका देवळात शिरत. त्यांतली रेशमाबाई पलीकडच्या पाड्यावरची, कोकणी बोलणारी. फुई अहिराणीत बोलायची, ती कोकणीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं वर्षानुवर्षं उत्तम चाललं होतं. शेण, माती, थोडा राखेचा हात. सारवण सुरू व्हायचं वेदीपासून, आणि बायका पाठमोऱ्या मागं सरकत सरकत दाराकडे येत. उजवा हात अर्धगोल फिरायचा, एका अर्धगोलाला लागून दुसरा. चौघींचे अर्धगोल एकमेकींत असे मिसळायचे की कुठं एकीचा हात संपला नि दुसरीचा सुरू झाला ते ओळखू येत नसे. मला मात्र फुईचा ओळखू यायचा, कारण तिचा अंगठा जरा वाकडा होता. दाराशी आल्या की त्या बाहेर पाय टाकत आणि दार नुसतं लोटून घेत. मग रविवारच्या सकाळपर्यंत आत कुणी जायचं नाही. मी कितीदा तरी शनिवारी संध्याकाळी फटीतून आत बघितलं आहे. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या ओल्या जमिनीवरून सावकाश वेदीकडं सरकायचं, आणि आत एक हिरवा, गार वास असायचा. देव शनिवारी संध्याकाळी एकटाच असतो आणि त्याला ते आवडतं, अशी माझी समजूत झाली होती. अजून ती पुरती गेलेली नाही.

फुईनं एकही शनिवार चुकवला नव्हता. विंचू चावला होता त्या शनिवारीही ती पाय ओढत आली होती. घरात पंचांग नाही, कॅलेंडर नाही. पण अमुक सण कोणत्या वारी येतो, कुणाचं बारसं किती शनिवारांपूर्वी झालं, हे लोक तिला विचारायला यायचे. पाद्रीसाहेबसुद्धा एकदा तारखेत चुकले तेव्हा तिनं त्यांना दुरुस्त केलं होतं. त्या दिवसापासून गावात म्हणत, भागाबाईला सगळं याद. हे वाक्य कुणी म्हटलं की ती ऐकलं नाही असं दाखवायची आणि चुलीत उगाच फुंकर घालायची.

मी सतरा वर्षांची होते आणि सातवी पास. आमच्या देवळातल्या बायकांत लिहिता येणारी मी आणि पाद्रीणबाई अशा दोघीच, म्हणून सगळ्या मंडळांची चिटणीस मला केलं होतं. पाळ्यांची यादी लिहायची आणि घरोघर जाऊन ज्याची त्याची पाळी सांगायची, हे माझं काम. माझ्या नावाआधी चिटणीस लावून वडील मला हाक मारत तेव्हा मी लाजायची, पण वही काखेत घेऊन गावातून जाताना मान जरा ताठच असायची.

त्या थंडीत फरशी आली. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावच्या देवळात बायकांचं मंडळ होतं. त्यांनी विणकाम-शिवणकाम विकून आमच्या देवळाच्या दगडी फरशीसाठी पैसे पाठवले होते. फरशी अर्थात इथलीच, शहाबादची. नवापूरच्या स्टेशनात उतरली आणि बैलगाड्यांतून रंगावली नदी ओलांडून आमच्याकडे आली. दोन रविवार उपासना चिंचेखाली झाली. आतून छिन्नीचे ठोके यायचे आणि लोक दुरून बघून जायचे. फरशी झाली तेव्हा ती इतकी गुळगुळीत आणि काळीनिळी होती की पाड्यावरची पोरं दारातच थबकली. त्यांना वाटलं, पाणी आहे. बिशपसाहेब त्याच आठवड्यात येणार होते. ते आल्यावर मुलांचं दृढीकरण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून बाप्तिस्मा पक्का करणं, होणार होतं, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या मडमबाई नव्या फरशीचा फोटो काढून तिकडच्या त्या बायकांना पाठवणार होत्या.

बुधवारी पाद्रीणबाईंनी मला बोलावलं. त्या मऊ बोलायच्या. "एस्तेर, सारवणाच्या बायकांना सांगून ये. आता सारवण नको. फरशीला नुसतं ओलं फडकं, आणि ते शाळेतली मुलं मारतील. भागाबाईंना जरा जपून सांग. त्यांनी खूप केलं." मी बरं म्हटलं. घरी येऊन मायला सांगितलं तर ती सूप थांबवून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आजच सांगी टाक तिले. उशीर करशी तं जड व्हई."

मी गेले. फुई अंगणात बसली होती आणि तिच्यापुढं मातीचा ढीग होता, पिवळसर, पिठासारखी चाळलेली. ती माती आमच्या शिवारात मिळत नसे. नदीपलीकडून दोन खेपा करून तिनं डोक्यावरून आणली होती. बाजूला शेण झाकून ठेवलेलं, आणि भांड्यात डिंक भिजत घातलेला, सारवण चिकटून राहावं म्हणून. "बठ वं पोरी," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. "दोन शनवार हात कोरडा ऱ्हायना. आते साहेब येणार शे. असं सारवसू का लोके दखतच ऱ्हातीन."

मी म्हटलं, फुई, आता दगड बसवलाय ना. त्यावर ती हसली. "मंग? आपला उंबराबी दगडना शे. त्याले सारवत नही का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्याकडे उंबरा दगडाचा, ओट्याच्या कडा दगडाच्या, आणि सणासुदीला बायका त्यांनाही शेणाचा हात देतच. खाली काय आहे याचा प्रश्नच नव्हता. देवाच्या घराला वरून हात द्यायचा तो द्यायचाच. तिला तो दगड म्हणजे आपल्या कामाला मिळालेली चांगली, न उखडणारी जागा वाटत होती. मी भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहिले. ती माती चाळत होती, तिच्या केसांवर माती बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी एरवी लग्नघरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. मग तिनं विचारलं, "शनवारले दुपारलेच लागसूत ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली ते आज ऐंशीच्या पुढं गेल्यावरही मला नीट सांगता येत नाही. उद्या सांगू, असं मनात म्हटलं एवढं आठवतं. गुरुवारी गाण्याची तालीम होती, शुक्रवारी पताका कातरायच्या होत्या. बाकीच्या तिघींनाही मी सांगितलं नाही, कारण त्यांना सांगितलं की फुईला कळणार. माझी सून म्हणते, तुम्ही लहान होता. मी लहान नव्हते. मी चिटणीस होते.

शनिवारी पाद्रीसाहेब आणि पाद्रीणबाई बिशपसाहेबांना आणायला नवापूरला गेले. त्या रात्री सगळे तिथंच राहून रविवारी सकाळी यायचे होते. गाणारं मंडळ शाळेत तालीम करत होतं, मीही तिथंच होते. खिडकीतून चिंचेचा शेंडा दिसत होता. दुपार कलायला लागली तशी मला सारखं वाटत होतं की आत्ता कुणीतरी धावत येईल आणि सांगेल की बायकांना थांबवलं. कुणी आलं नाही. आम्ही एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत होतो, दुरून कुठून तरी गाडीची शिटी आली, आणि ती सगळी दुपार मला झोपेत चालल्यासारखी आठवते.

मी गेले तेव्हा चौघी दाराबाहेर हात धूत होत्या. मी आत डोकावले. सगळी फरशी झाकून गेली होती. हिरवट पिवळा, एकसारखा रंग, आणि त्यावर अर्धगोलांच्या रांगा, वेदीपासून उंबऱ्यापर्यंत, कुठं तुटक नाही, कुठं हात चुकलेला नाही. खाली गुळगुळीत दगड असल्यामुळे हात इतके सहज फिरले होते की असं सारवण मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ऊन नुकतंच आत येत होतं. ते सुंदर होतं, आणि मला रडू येत होतं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. ओढा जवळ होता, घागरी होत्या, तासाभरात धुऊन निघालं असतं. मी पाऊल उचललं, तर फुईनं माझा दंड धरला. "वल्लं शे," ती म्हणाली. मी पाऊल मागं घेतलं.

रविवारी रुळावर ठोके पडले आणि चाळीस घरं नवी कापडं घालून आली. दारातून आत शिरताना पाड्यावरच्या लोकांचे चेहरे मोकळे झाले. दोन आठवडे त्या काळ्या दगडाकडे ते जरा भीतीनंच बघत होते, आता आपलं देऊळ पुन्हा आपल्यासारखं दिसत होतं. पण दगडावर बसलेलं शेण रात्रभरात वाळून सुटलं होतं. डिंकानंही ते धरलं नाही. लोक बसले तसे त्याचे पापुद्रे उठायला लागले, कुरकुर असा बारीक आवाज सगळीकडून यायला लागला, आणि मुलं मुद्दाम पाय हलवायला लागली. बिशपसाहेब म्हातारे होते, पांढऱ्याशुभ्र झग्यात. वेदीपुढं ते गुडघ्यांवर बसले आणि उठले तेव्हा झग्यावर दोन गोल हिरवे डाग होते. तिथं, वेदीपाशी, सारवण सगळ्यात जाड दिलं होतं आणि ते अजून ओलसर होतं. पाद्रीसाहेबांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. उपासना संपल्यावर मडमबाईंनी फोटोची पेटी काढली, खाली बघितलं, आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. फरशी कुठं आहे, असंच असणार.

चिंचेखाली पाद्रीसाहेबांनी सारवणाच्या बायकांना बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बिशपसाहेब बाजूला खुर्चीवर, पाद्रीणबाई त्यांच्यामागं, आणि आख्खी मंडळी गोल करून उभी. "आता सारवायचं नाही, हा निरोप दिला होता," पाद्रीसाहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "एस्तेर, तू सांगितलं होतंस ना?"

मी पायाखालच्या चिंचेच्या पाल्याकडं बघत राहिले. फुईनं माझ्याकडं बघितलं. अगदी थोडा वेळ, पण तेवढ्यात तिला सगळं कळलं. बुधवारची भाकरी कळली, माझी हललेली मान कळली, आणि ज्या कामासाठी तिनं नदी दोनदा ओलांडली ते काम आता उरलेलंच नाही, हेही तिला तिथंच, सगळ्यांदेखत, तेव्हाच कळलं. तिनं पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढं आली.

"पोरनी माले सांगेल व्हतं," ती म्हणाली. "मीच इसरी गयी."

रेशमाबाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं. बाकी कुणाला काही वाटलं नाही. म्हातारी बाई, विसरली. पाद्रीसाहेबांची शीर खाली बसली. बिशपसाहेबांना कुणीतरी समजावलं तेव्हा ते हसले, उठून फुईपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मोडक्या मराठीत म्हणाले की म्हातारपणी आपण सगळेच विसरतो. ती मान खाली घालून उभी होती. मी शेजारी उभी होते, आणि आपण सुटलो, हा पहिला विचार माझ्या मनात आला. ते मला इथं लिहायलाच हवं.

सोमवारी शाळेच्या मुलांनी फरशी घासून काढली. त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. फुई विसरायला लागली. घरात नाही, घरात तिला सगळं ठाऊक असायचं, मायला ती सांगायची की गाईला दिवस जाऊन इतके आठवडे झाले आणि ते बरोबर असायचं. पण विहिरीवर, बाजारात, देवळाच्या दाराशी, जिथं चार लोक असत तिथं ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "आज कोनता वार शे वं?" कधी कुणाच्या पोराचं नाव चुकवायची. बायका हळूच एकमेकींकडं बघत. ज्या तिला तारखा विचारायला येत, त्याच आता तिला मोठ्यानं आणि सावकाश बोलून सांगायला लागल्या. मला आधी वाटलं, धक्क्यानं खरंच काही झालं. मग एकदा विहिरीवर तिनं वार विचारला आणि बायकांची पाठ वळताच घागर उचलता उचलता माझ्याकडं बघितलं, आणि मला समजलं की ती आपलं एक वाक्य राखत होती. ते खोटं पडू नये म्हणून ती त्याला रोज थोडं खरं करत होती.

ईस्टरच्या आधी मंडळांची नवी यादी करायला सगळ्याजणी पाद्रीणबाईंच्या पडवीत जमलो. सारवणाचं मंडळ बंद. त्यातल्या बायकांना इतर मंडळांत घालायचं होतं. रेशमाबाईला दिव्यांत घेतलं, बाकी दोघींना आजाऱ्यांच्या भेटीला. मी वहीत लिहीत होते. फुईचं नाव आलं तेव्हा पाद्रीणबाई जरा थांबल्या आणि मऊपणानं म्हणाल्या, "भागाबाईंना आता आरामच करू द्या. त्यांच्या लक्षात राहत नाही." दाराशी बसलेली फुई पाय चोळत म्हणाली, "आज कोनता वार शे?" दोघीतिघी हसल्या. मायेनंच हसल्या.

मी वही खाली ठेवली आणि उभी राहिले. "तिला कुणी सांगितलंच नव्हतं," मी म्हटलं. "मला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हणून मान हलवली. ती काही विसरलेली नाही." सगळं सांगून झालं. मायनं हातातलं काम थांबवलं. मला वाटलं, आता पाद्रीणबाई माझ्याकडून वही काढून घेतील, आणि मला ते हवं होतं.

फुई दारातून म्हणाली, "पोर मन्हाकरता खोटं बोलस. मन्हावर जीव शे तिना."

आणि सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर नाही. पाद्रीणबाईंचे डोळे भरून आले, त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की दुसऱ्याची चूक आपल्या डोक्यावर घेणं किती थोरांना जमतं. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी नाही नाही म्हणत राहिले, आणि जितकं म्हणत गेले तितकं त्यांना माझं कौतुक वाटत गेलं. मायनं मात्र एक शब्द काढला नाही. फुई विसरणारी नाही हे तिला माहीत होतं, आणि नणंदेचा शब्द खाली पाडायचा की मुलीचा, यात ती अडकली असावी. शेवटी पाद्रीणबाईंनी ठरवलं की एस्तेरचं मन मोडायला नको. भागाबाईंना फुलांच्या मंडळात घ्यायचं, पण शनिवारी एस्तेरनं त्यांच्या घरी जाऊन आठवण करून द्यायची आणि हात धरून घेऊन यायचं.

मग दर शनिवारी दुपारी मी जायची. फुई सकाळपासून तयार असायची; अंघोळ झालेली, स्वच्छ लुगडं, टोपलीत झेंडू आणि पांढरी तगर, वर ओलं फडकं. आम्ही निघायचो. वाटेत तुरीचं शेत लागायचं, तिथं कुणी नसे, आणि तिथं ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायची. कोणत्या शनिवारी काय झालं, कोण कधी आलं, सगळं. एकदा मी तिथं थांबले आणि म्हटलं, फुई, मी पाद्रीसाहेबांना पुन्हा सांगते, या वेळी ते ऐकतील. तिनं टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली. "सांगेल व्हतं ना तू एकदाव?" ती म्हणाली. "व्हयनं मग." आणि चालायला लागली.

माझं लग्न होऊन मी दूर जाईपर्यंत, म्हणजे चार वर्षं, हे चाललं. शेत संपलं की चिंच दिसायची, चिंचेखाली बायका दिसायच्या, आणि तिथून पुढं तिची चाल जरा मंद व्हायची. ती माझा हात धरायची. भेगाळलेला, गरम हात. बायकांच्या अगदी जवळ आल्यावर ती थांबायची आणि विचारायची, "आज कोनता वार शे वं, पोरी?" आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायची, "शनवार, फुई."